फोडलेली जोडी

"ताई, जोडी असती तर बोललो असतो. हे सुट्टं आहे." फोर्टात जीपीओच्या आसपास जुनी तिकिटं घेऊन बसणाऱ्यांपैकी एका आजोबांनी भिंग डोळ्यापासून बाजूला केलं आणि माझं तिकीट चिमट्यात धरून परत माझ्यासमोर ठेवलं. मला ते विकायचं नव्हतंच. अण्णांच्या वहीतली तिकिटं नीट लावायला घेतली होती, त्यातलं हे काय आहे एवढंच विचारायला गेले होते. त्यांनी तिकिटाची डावी कड मला भिंगातून दाखवली. तीन बाजूंचे दाते सारखे, गोलसर होते. चौथ्या बाजूला मात्र एक दाता लांब, एक तुटका, एका जागी कागदाचे तंतू वर आलेले. "हाताने फाडलंय," ते म्हणाले, "पोस्टात फाडलेलं असतं तर इकडे शिक्क्याची रेघ पुरी असती. शिक्का मारला तेव्हा शेजारचं बरोबर होतं. बघा, वर्तुळ अर्धंच आलंय." मी हो म्हटलं, पैसे विचारून दुसरी दोनचार किरकोळ तिकिटं घेतली आणि निघाले. गाडीत खिडकीशी बसून कल्याणपर्यंत मला त्या अर्ध्या वर्तुळाखेरीज काही सुचलं नाही, कारण ते फाडणारा हात माझाच होता.

तिकीट दक्षिण आफ्रिकेचं, १७ जुलै १९३९ला निघालेलं. हिरवा आणि किरमिजी रंग, त्यात उगवता सूर्य आणि क्रूस. किंमत एक पेनी अधिक एक पेनी: पहिली टपालाची, दुसरी ह्युगेनॉट स्मरणनिधीची. फ्रान्समधून धर्मासाठी परागंदा झालेले प्रोटेस्टंट, म्हणजे ह्युगेनॉट लोक, केपच्या किनाऱ्यावर उतरल्याला अडीचशे वर्षं झाली म्हणून काढलेल्या तीन तिकिटांपैकी हे मधलं. अर्ध्या पेनीवालं पार्ल गावातल्या जुन्या पाद्रीवाड्याचं आणि दीड पेनीवालं ड्राकेन्स्टाइनच्या डोंगरांपुढच्या एका ह्युगेनॉट घराचं. माझे आजोबा बॅलार्ड इस्टेटमध्ये एका जहाज-एजंटाच्या कचेरीत कारकून होते. दर्बान आणि केपटाउनहून आलेल्या पाकिटांचे कोपरे कापून ते खिशातून घरी आणत. अण्णा तेव्हा चार-पाच वर्षांचे. कोमट पाण्याच्या ताटलीत कोपरे भिजत घालायचे, डिंक सुटला की तिकीट अलगद सरकवून टीपकागदावर पालथं घालायचं, वर जाड पुस्तक ठेवायचं, हे त्यांना आजोबांनी शिकवलं आणि मला अण्णांनी. ओल्या डिंकाचा तो किंचित गोड, किंचित कुबट वास आजही कुठे आला तरी मला अण्णांची पाठ दिसते. बनियन घातलेली, ताटलीवर वाकलेली.

त्या काळी दक्षिण आफ्रिकेची तिकिटं मोठ्या कागदावर एकाआड एक दोन भाषांत छापत. एकावर इंग्रजीत 'साउथ आफ्रिका', त्याला लागून असलेल्यावर आफ्रिकान्समध्ये, म्हणजे तिकडे डचपासून झालेल्या भाषेत, 'सुइद-आफ्रिका'. म्हणून जमवणारे ती जोडीनेच ठेवतात. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एकसारखी दोन तिकिटं दिसली, आणि पाचवीतल्या मुलीच्या हिशेबात दुसरं तिकीट म्हणजे अदलाबदलीचा माल. मी ती जोडी दात्यांवर घडी न घालताच ओढली. आफ्रिकान्सवालं तिकीट वर्गमैत्रिणीला दिलं आणि तिच्याकडून हंगेरीचं एक फुलपाखरू घेतलं. नंतर वहीत रिकाम्या झालेल्या जागी अण्णांच्या अक्षरात बारीक पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं: 'जोडी. फोडू नये.' तिकिटांच्या खाली लिहिलेलं होतं, त्यामुळे ती काढल्याशिवाय दिसणारच नव्हतं. अण्णांना कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. उरलेलं तिकीट त्यांनी त्याच जागी डावीकडे सरकवून लावलं आणि उजवीकडची जागा तशीच ठेवली.

मैत्रीण उल्हासनगरची. आम्ही कल्याणकर अजूनही त्याला 'कॅम्प' म्हणतो. एक नंबर, तीन नंबर, पाच नंबर. लष्कराच्या बराकींत फाळणीनंतर आलेली सिंधी माणसं राहिली आणि बराकींचं शहर झालं, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. मी तिच्या घरी गेले की तिची दादी आधी भाजलेला पापड आणि पाण्याचा पेला पुढे ठेवायची. पाहुण्याला नुसतं पाणी द्यायचं नाही, ही त्यांची रीत. दादी पलंगावर बसून पत्रं लिहायची. उजवीकडून डावीकडे धावणारं अक्षर, त्यावर मुठीने तीळ टाकावेत तसे ठिपके. बावन्न अक्षरं आहेत, असं ती अभिमानाने सांगायची. त्यातले काही आवाज श्वास आत ओढून काढायचे असतात. मी तसा आवाज काढायला गेले की दादी पदर तोंडाला लावून हसायची. माझी मैत्रीण सिंधी बोलायची, पण लिहीत-वाचत नव्हती. आमच्या शाळेत ती माझ्याइतकीच शुद्ध मराठी लिहायची आणि निबंधात माझ्यापेक्षा जास्त मार्क मिळवायची.

त्या रात्री वही उघडून बसले तेव्हा मनात दादीच येत राहिली, म्हणून ह्युगेनॉटांकडे पुन्हा नव्याने वळले. शाळेत इतिहासाच्या पुस्तकात त्यांच्यावर चार ओळी होत्या. १५९८ साली चौथ्या हेन्रीने नांतच्या फर्मानाने त्यांना आपल्या धर्माप्रमाणे राहायची मुभा दिली. १६८५च्या ऑक्टोबरात त्याच्या नातवाने, चौदाव्या लुईने, फाँतेनब्लोच्या फर्मानाने ती काढून घेतली. चार ओळींत जे मावत नाही ते असं की, पाद्र्यांना देश सोडायला पंधरा दिवस दिले आणि बाकीच्यांना देश सोडायलाच बंदी केली. राहायचं तर राजाचा धर्म घेऊन राहायचं. पळताना पुरुष सापडला तर त्याची रवानगी राजाच्या गलबतांवर, वल्हं मारायला. त्याआधीची काही वर्षं या लोकांच्या घरात घोडेस्वार शिपाई आणून ठेवत होते. घरातल्यांनी त्यांना पोसायचं आणि धर्म बदलेपर्यंत त्यांचा छळ सोसायचा. हे वाचताना मला शिपायांच्या तलवारींपेक्षा त्यांच्या जेवणाचंच जास्त वाटलं. जो आपल्याला मोडायला आलाय त्याला रोज दोन वेळा ताट वाढायचं, त्याचं खरकटं काढायचं, रात्री आपल्याच ओसरीवर त्याचं घोरणं ऐकत पडायचं. बंदी असूनही सुमारे दोन लाख लोक निसटले. बर्लिनला, लंडनला, हॉलंडला, जिनीव्हाला. यांच्यामुळेच 'रेफ्युजी' हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत रुळला, आणि तिथून तो आपल्या कॅम्पापर्यंत आला.

थोडे जण मात्र फार लांब गेले. डच ईस्ट इंडिया कंपनीला केपला शेतकरी हवे होते, द्राक्षं लावणारे हवे होते. १६८८ आणि १६८९ या दोन वर्षांत दोनशेहून कमीच माणसं जहाजांनी तिथे उतरली. कंपनीने जमिनी दिल्या, पण गव्हर्नर सिमॉन फान डेर स्टेलने त्या डच शेतकऱ्यांच्या मधेमधे दिल्या, यांची वेगळी वस्ती होऊ नये म्हणून. त्यांचा पाद्री प्येर सिमाँ भांडला तेव्हा वेगळं चर्च मिळालं. १७०१ साली मात्र कंपनीने ठरवून टाकलं की मुलांना शाळेत डचच शिकवायचं. पाद्री पुढच्या वर्षी निघून गेला. ऐंशीएक वर्षांनी ल व्हायां नावाचा फ्रेंच प्रवासी या ह्युगेनॉटांच्या दरीत गेला तेव्हा त्याला फ्रेंच समजणारा एकच म्हातारा भेटला. त्या म्हाताऱ्याबद्दल ल व्हायांने आणखी काही सांगितलं असेल तर ते मी वाचलेलं नाही, पण तो माझ्या डोक्यातून जात नाही. त्याच्या आईने त्याला कुठल्या भाषेत हाक मारली असेल ते ठाऊक आहे. त्याच्या नातवंडांनी त्याला कुठल्या भाषेत मारली असेल, तेही.

फाडलेलं तिकीट मी पुन्हा भिंगाखाली धरलं. फ्रेंचांच्या आठवणीसाठी काढलेली जोडी. अर्धी इंग्रजीत, अर्धी आफ्रिकान्समध्ये.

दोन्हींत फ्रेंच नाही.

इतकी वर्षं मी जोडी फोडल्याचं मनाला लावून घेतलं. ती फुटायच्या आधीही तिच्यात एक जागा रिकामीच होती, हे मला कधी दिसलं नाही. भाषा गेली आणि उरली ती आडनावं. ती तर आपण सगळ्यांनी तोंडपाठ केलेली आहेत. आमच्या घरी टीव्हीसमोर बसून माझा मुलगा डिव्हिलियर्स, डु प्लेसी, क्रोनिए ही नावं अशी घ्यायचा, जणू शिवाजी पार्कावरच खेळतात. ही सगळी ह्युगेनॉट नावं. क्रोनिए मुळात क्रोनिये, फिलयून म्हणजे व्हिल्याँ. ऑस्ट्रेलियाकडून खेळणाऱ्या लाबुशेनचं नावही ह्युगेनॉटच. नाव तीनशे वर्षं टिकतं, कारण ते दाखल्यावर, सातबाऱ्यावर, थडग्यावर लिहिलेलं असतं. भाषा रोज तोंडाने करावी लागते, स्वयंपाकासारखी. एका पिढीने चूल पेटवली नाही की पुढच्या पिढीला नुसती भांडी मिळतात.

आणि तरीही या लोकांबद्दल माझं मन सगळं मऊ राहत नाही. कंपनीने त्यांना दिलेल्या जमिनी तिथल्या मूळच्या खोइखोइ गुराख्यांच्या चराऊ जमिनी होत्या. त्या दरीचं आधीचं डच नाव ओलिफान्ट्सहूक, हत्तींचा कोपरा. तिचं फ्रान्सहूक झालं, फ्रेंचांचा कोपरा. केपच्या शेतांवर राबायला गुलाम आणले जात, मादागास्करहून, इंडोनेशियाच्या बेटांवरून, आणि आपल्याकडच्या बंगाल, मलबार, कोरोमंडलच्या किनाऱ्यांवरूनही. त्यांच्या भाषांचं काय झालं, हे सांगायला त्यांच्या नावाचं तिकीट निघालं नाही. पुष्कळांची तर नावंही राहिली नाहीत. अमुक 'बंगालचा', तमका 'मलबारचा' एवढंच वहीत. फ्रान्सहूकला आज ह्युगेनॉट स्मारक आहे. तीन कमानी, वर सूर्य आणि क्रूस, पुढे पृथ्वीच्या गोलावर उभी एक बाई, एका हातात बायबल, दुसऱ्यात तुटलेली साखळी. ते १९४८ साली खुलं झालं. त्याच वर्षी तिथे वर्णभेदाचं सरकार आलं आणि त्याचा पंतप्रधान डी. एफ. मलान. हे मलानही ह्युगेनॉट घराणंच. साखळी तुटलेल्या बाईचा पुतळा आणि दुसऱ्यांच्या पायांत घातलेली साखळी, दोन्ही एकाच वर्षातली. छळ सोसलेल्याला दुसऱ्याचा छळ कळेलच, असं मला लहानपणी वाटायचं. दादीकडे बघून वाटायचं. या लोकांकडे बघून ते वाटणं मला सोडावं लागलं, आणि सोडताना वाईट वाटलं.

अण्णांच्या वहीत याच गोताची आणखी तिकिटं निघाली. त्यांनी ती कळून जमवली होती की योगायोगाने, आता विचारायला ते नाहीत. अमेरिकेची १९२४ची तीन आहेत. एक सेंटावर 'न्यू नेदरलंड' जहाज, दोन सेंटावर आजच्या ऑल्बनीच्या जागी फोर्ट ऑरेंजला उतरणारे वालून, म्हणजे आजच्या बेल्जियमकडचे फ्रेंच बोलणारे लोक, पाच सेंटावर झाँ रिबो या ह्युगेनॉट दर्यावर्दीचं फ्लोरिडातलं स्मारक. त्या रिबोला आणि त्याच्या जहाज फुटलेल्या माणसांना १५६५ साली स्पॅनिशांनी जिथे मारलं, तिथल्या पाण्याचं नावच पुढे 'मातान्सास' पडलं, म्हणजे कत्तली. तिकिटावर यातलं काही नाही, नुसता खांब आणि झाडं. सरकारने एका पंथाच्या आठवणीसाठी तिकिटं काढावीत का, यावरून तेव्हा तिकडे बरीच तक्रारही झाली. मला मात्र जास्त रेंगाळावंसं वाटलं ते फ्रान्सच्या १९८५च्या तिकिटापाशी. फर्मान रद्द केल्याला तीनशे वर्षं झाली तेव्हा फ्रान्सने तिकीट काढलं, त्यावरचा शब्द 'आक्यय', स्वागत. ज्यांनी हाकललं त्यांनीच तीनशे वर्षांनी, बाहेर झालेल्या त्यांच्या स्वागताची आठवण काढली. त्याच वर्षी अध्यक्ष मितराँ यांनी त्यांच्या वंशजांची क्षमा मागितली. त्याच्याही कितीतरी आधी, क्रांतीनंतर १७९० साली, फ्रान्सने कायदा केला होता की धर्मासाठी परागंदा झालेल्यांचा कोणताही वंशज परत येऊन राहील तर तो फ्रेंच. १९४५पर्यंत तो कायदा होता. किती जण परतले असतील? परत आलेल्याने दारात उभं राहून 'मी आलो' हे कुठल्या भाषेत म्हटलं असेल?

दादीला असं कुणी बोलावलं नाही.

१९७१च्या नोव्हेंबरातली गोष्ट. मी जोडी फोडली त्याच शाळेच्या वर्षातली. पूर्व बंगालातून लोंढे येत होते, आकडा एक कोटीच्या घरात गेला होता आणि प्रत्येक पत्रावर पाच पैशांचं जास्तीचं तिकीट लावायचं असा नियम १५ नोव्हेंबरपासून आला. खास तिकीट छापून यायला वेळ होता, म्हणून कुटुंबनियोजनाच्या लाल पाच पैशांच्या तिकिटावरच 'शरणार्थी सहायता' हे शब्द उमटवून दिले जायचे. कुठे छापलेले, कुठे पोस्टातच रबरी शिक्क्याने मारलेले, कुठे तिरके, कुठे शाई फुटलेली. आई-बाप आणि दोन मुलं असं सुखी चौकोनी कुटुंब, आणि त्याच्या अंगावर ती काळी अक्षरं. दादीला अजमेरला बहिणीला पत्र टाकायचं होतं. आम्ही दोघी पोस्टातून तिकिटं घेऊन आलो. दादीला देवनागरी वाचता येत नव्हती, तिने मला विचारलं, यावर काय लिहिलंय? मी वाचून दाखवलं. तिने पाकीट गुडघ्यावर घेतलं, तिकीट जिभेने ओलं केलं, लावलं आणि त्यावरून अंगठा फिरवत राहिली, चिकटल्यावरही. मग काहीतरी म्हणाली. मैत्रिणीने मला त्याचं मराठी करून सांगितलं: "दादी म्हणते, आमच्या वेळी कुणी तिकीट नाही काढलं." दादीच्या आवाजात तक्रार नव्हती. पाच पैसे देताना तिचा हात आखडलाही नव्हता. पण दहा वर्षांच्या मला पहिल्यांदाच कळलं की पापड पुढे करणारी, पदर तोंडाला लावून हसणारी ही बाई 'शरणार्थी' या शब्दात मोडते. आफ्रिकेच्या त्या जादा पेनीने अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसांची आठवण जपली. या पाच पैशांतून कुणाच्यातरी छावणीत त्या आठवड्याचा शिधा गेला. दोन्ही तिकिटं मी एकाच पानावर लावली आहेत. वही देशवार लावायची अण्णांची शिस्त इथे मोडली, त्याला माझा इलाज नाही.

मागच्या रविवारी मैत्रिणीला फोन केला. आता ती मुलाकडे बडोद्याला असते. जोडीचं सगळं सांगितलं, तिकीट अजून आहे का विचारलं. तिला ते तिकीट आठवेना. हंगेरीचं फुलपाखरू मात्र पक्कं आठवत होतं, ते मला दिल्यावर ती रात्री रडली होती म्हणे. हे मला पन्नास वर्षांनी कळलं. मग पोस्टाचं, पाच पैशांचं निघालं, आणि ती म्हणाली, "थांब, दादीची पत्रं आहेत माझ्याकडे. अजमेरची मावशी-आजी गेली तेव्हा तिच्या सुनेने गठ्ठा पाठवला होता. मी ठेवलाय." मी विचारलं, काय लिहिलंय त्यांत? ती क्षणभर गप्प झाली. "मला कुठे वाचता येतं गं? बाबांना यायचं, ते असेपर्यंत मी कधी वाचून घेतलं नाही. मुलगा तर बोलतही नाही. तुझ्या ओळखीत आहे का कुणी वाचणारं?" मी म्हटलं, शोधते. उल्हासनगरमध्ये कुणी म्हातारं माणूस सापडेल, आमच्या बँकेतले एक साहेब होते, त्यांच्या घरी विचारते.

संध्याकाळी तिने फोनवर एका पत्राचा फोटो पाठवला. शेजारी त्याचं पाकीट, कडा पिवळ्या पडलेलं. मी फोटो बोटांनी मोठा केला. कागदभर निळी शाई उजवीकडून डावीकडे धावत गेलेली, त्यावर तीळ सांडावेत तसे ठिपके. एका ओळीत मध्येच शाई पसरली होती, पाण्याचा थेंब पडल्यासारखी. मी वरून खाली, खालून वर पाहिलं. पाकिटावरचा अजमेरचा पत्ता इंग्रजीत, कुणा दुसऱ्याच्या हातचा. त्याच्या वर कोपऱ्यात लाल तिकीट, थोडं तिरकं लागलेलं, त्यावर काळ्या शाईत दोन शब्द. दादीच्या त्या सगळ्या पत्रात कॅम्पातल्या शाळेत मी शिकलेल्या अक्षरांत तेवढंच होतं, आणि पत्ता सोडला तर तेवढंच आम्हां दोघींनाही वाचता आलं: शरणार्थी सहायता.